राजीनामा लिहून देण्याआधी हे वाचा

एकाने विचारलंय की चाकणच्या प्लांटमधून काढलं, पगार साडेएकोणीस हजार, दरमहा ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता) कापला जायचा, तर आता काही मिळेल का? मिळू शकतं. ईएसआयसीची, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या महामंडळाची, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' 2018 पासून आहे, पण एचआरवाले तिचं नावही काढत नाहीत. नोकरी गेल्यावर भत्ता मिळतो: सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. तुमच्या पगारावर ढोबळमानाने एकूण 28-29 हजार होतात. फार नाहीत, पण तीन महिन्यांचं खोलीभाडं तरी सुटतं!

नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी दावा करता येतो. ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच भरायचा, कंपनीच्या शिफारशीची गरज नाही. आधार आणि बँक खातं आधी जोडून घ्या.

खरी गोम नोकरी सुटल्याच्या कारणात आहे. गैरवर्तनामुळे काढलं किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर दावा बसत नाही. माझ्या मेव्हण्याला 'राजीनामा दे, हिशेब लवकर होईल' म्हणून गोडीत सही करायला लावली. पुढे ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात खुलासे देता देता त्याच्या नाकी नऊ आले. म्हणून कामावरून कमी केल्याचं पत्र लेखी मागाच.

आणि कारखानाच बंद पडला असेल किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल, तर ईएसआयसीच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचं आधी विचारा. तिथे भत्ता 24 महिन्यांपर्यंत मिळतो.