'काखेतल्या गाठी': लिम्फ नोडला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टात 'अ‍ॅक्झिलरी नोड्स ३/१४' असतं. 'काखेतल्या चौदा गाठी काढल्या' म्हटलं की घरच्यांना वाटतं, चौदा ठिकाणी कर्करोग झालाय. दुसरा शब्द आहे का?

– लिम्फ नोड म्हणजे प्रत्येकाच्या शरीरात असतेच अशी, लिम्फ नावाचा द्रव गाळणारी छोटी ग्रंथी. तिला 'लसीका ग्रंथी' म्हणा. 'लसीकापर्व'ही वाचलंय. पर्व म्हणजे पेर, अर्थ चुकीचा नाही, पण मराठी कानाला आधी महाभारत आठवतं. जखमेतून येते ती 'लस' आणि टोचतात ती 'लस', दोन्ही त्याच घराण्यातल्या.

– बोलीत 'अवधाण' आहे की! पायाला जखम झाली की जांघेत येतं ते.

– अवधाण म्हणजे सुजलेली, दुखरी ग्रंथी. इथे चालणार नाही. कर्करोग शिरलेली ग्रंथी बहुधा कडक असते आणि दुखत नाही. मात्र नुसत्या चाचपण्यावर भरवसा नको. सोनोग्राफीत बघून सुई घालून तपासतात. आधी केमो द्यायची असेल तर त्या ग्रंथीत बारीकशी क्लिप ठेवतात, कारण केमोने ती आक्रसली की ऑपरेशनच्या वेळी नेमकी तीच सापडत नाही.

– ३/१४ चं वाचन असं: काखेतल्या चरबीतून चाचपून चौदा ग्रंथी वेगळ्या केल्या, दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या पाडून पाहिल्या, तिघींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. उरलेल्या अकरा निरोगी. ग्रंथींच्या या मोजणीवरून 'एन' (नोड) पायरी ठरते: १ ते ३ बाधित ग्रंथी म्हणजे एन-१, ४ ते ९ एन-२, १० किंवा जास्त एन-३. त्यातही ०.२ मिमीपेक्षा लहान पुंजका असेल तर ती ग्रंथी या मोजणीत धरत नाहीत.

– खरा घोळ 'पसरला' या शब्दाने होतो. काखेत पोचला म्हणजे चौथी स्टेज नव्हे. त्याच बाजूला गळपट्टीच्या हाडावरची ग्रंथी बाधित असली तरी ती एन-३च. हाडं, यकृत, फुप्फुस इथे गेला तर चौथी. म्हणून 'काखेपर्यंत पोचलाय' म्हणावं.

– आणि 'सेंटिनेल नोड'?

– 'पहिली ग्रंथी' पुरे, 'पहारेकरी' नाटकी वाटतं. स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचतात. तो आधी जिथे पोचतो त्या एक-दोन ग्रंथी काढतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीची काख तशीच ठेवतात, त्यामुळे पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. निळ्या रंगाने एखादा दिवस लघवी हिरवट होते, हे आधी सांगून ठेवा. नाहीतर रात्री फोन येतो.