रगड्याला घाबरू नकोस, नडगी सांभाळ

सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारतोस, पण अग्निवीर म्हणून सैन्यात गेल्यावर तिथलं ट्रेनिंग झेपेल का, असं विचारलंयस. अरे, रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेली दमछाक, सगळ्यांनाच बसतो. उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, ओरडतो तो तुझ्या एकट्यावर नाही. माझा चुलतभाऊ बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमधून तयार झालाय. तो म्हणतो, पोरं दमून कमी, नडगीच्या दुखण्याने जास्त मागे पडतात. म्हणून रोज डांबरीवर नको, मातीत पळ. दुखलं तर लपवू नकोस. हाडाला बारीक तडा गेला की कित्येक आठवडे वाया. आणि हिंदी बोलायची सवय लाव, तिथे सगळा कारभार हिंदीत.

माझ्या मते खरी काळजी पुढची आहे. अग्निवीर म्हणजे ४ वर्षं. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होणार, बाकीचे साधारण ११.७१ लाखांचा सेवा निधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, घेऊन घरी. तेव्हा बारावी अर्धवट सोडून पळू नकोस. साडेसतराला भरती होता येतं, पण अठराच्या आत असशील तर आईवडिलांची सही लागते, त्यांना आधीच विश्वासात घे.

आणि हो, २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी, मैदानी चाचणी नंतर. भरतीची तयारी करून घेणारे अकॅडमीवाले पळवतात भरपूर, गणिताचं काय?