आतेभावाच्या ११७ मिमी रुंद स्की फुकट मिळतायत. बूट कोणते घेऊ?

वांद्रे_लोकल
मंडळी, जानेवारीअखेर दहा दिवस गुलमर्ग. बरेचसे दिवस गंडोलाने (केबल कारने) वर जाऊन अफरवत डोंगरावरून खाली, तीन-चार दिवस स्किन (स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची पट्टी) लावून चढाई. पिस्टवर (दाबून तयार केलेल्या उतारावर) समांतर वळणं नीट जमतात, बॅककंट्री, म्हणजे त्याबाहेरचा मोकळा डोंगर, पहिल्यांदाच. गाइड ठरवलाय.

आतेभाऊ डिसेंबरात डेन्व्हरहून येतोय आणि त्याच्या जुन्या स्की देऊन टाकतोय. लांबी १८६ सेमी, पायाखाली ११७ मिमी, पिन बाइंडिंग (बूट स्कीला पिनांनी धरणारा खटका) बसवलेलं, ब्रेक १२० मिमीचा. सोबत त्याचे टूरिंग (चढाईला चालणारे) बूटही, २७.५ नंबर, टाचेजवळ ३१४ मिमी कोरलंय. मी ५ फूट ८ इंच, ६८ किलो, चपलेचा नंबर ८.

त्याचेच बूट जाड मोजे घालून चालतील का? नवे घेतले तर याच बाइंडिंगमध्ये बसतील, की स्कीला पुन्हा भोकं पाडायची? आणि ११७ म्हणजे जरा जास्तच होतंय का?

शेलफिट
आधी बूट ठरवा, स्की नंतर. चपलेचा नंबरही विसरा, स्की बूट पायाच्या सेंटिमीटरवर चालतात. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय जरा फुगलेला असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा. अंगभर वजन टाका, गुडघा किंचित वाकवा आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा. २६५ मिमी आले तर नंबर २६.५. पंजाची सर्वांत रुंद जागाही मोजून ठेवा. बुटाच्या माहितीत ९८, १००, १०२ असे आकडे दिसतात ते याच रुंदीचे.

बहुतेक कंपन्यांचं प्लॅस्टिकचं शेल पूर्ण नंबरातच असतं. २६ आणि २६.५ ला शेल एकच, फरक आतल्या तळव्याचा किंवा लायनरचा (आतल्या मऊ बुटाचा). म्हणजे आतेभावाचा २७.५ हा २७ च्या शेलचा. तुमचा पाय २६.५ भरला तर तो बूट अर्धा नंबर नाही, अख्खं एक शेल मोठा आहे.

बूट हातात आला की लायनर काढा, उघडा पाय शेलमध्ये घाला, बोटं पुढे हलकी टेकू द्या आणि टाचेमागची फट मोजा. १० ते १५ मिमी असेल तर ठीक. त्या जाडीच्या दोन लाकडी दांड्या हार्डवेअरवाल्याकडून आणल्या की अंदाजाचा प्रश्नच येत नाही. २० च्या वर फट असेल तर जाड मोज्यांनी काही होत नाही: मोजा दाबला जातो, टाच उचलली जाते, चढताना तासाभरात फोड येतात आणि उतरताना तुम्ही वळता पण स्की वळत नाही. वर जाड मोज्याने रक्तप्रवाह दाबला जाऊन पाय उलट जास्त गारठतो. पातळ लोकरीचा एकच मोजा.

गारठलेला_गिरगावकर
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता ११७ बद्दल.

बुटाच्या सोलचं पुढचं टोक साधारण ६९ मिमी रुंद. ११७ च्या स्कीची एज (धातूची कडा) त्याच्या बाहेर दर बाजूला २४ मिमी जाते, १०५ च्या स्कीची १८ मिमी. भुसभुशीत बर्फात हा फरक कळतही नाही. पण सकाळच्या कडक, तिरक्या उतारावर स्किन लावून आडवं जाताना वरच्या बाजूच्या एजवर उभं राहायचं असतं. बर्फ ती एज खालून ढकलतो, स्की सपाट पडायला बघते, आणि ती तिरकी धरून ठेवायचं काम घोट्यावर येतं. तरफ जितकी लांब तितका घोटा लवकर थकतो. बूट किलोभराचा, दोन बकलांचा, हलका असेल तर वरची कॉलर बाजूला वाकते आणि एज सुटते.

म्हणून ११७ घेणारच असाल तर बूट तीन-चार बकलांचा, एक पाय १३०० ते १५०० ग्रॅमचा, बाजूने कडक असा घ्या. फ्लेक्सच्या (बुटाच्या कडकपणाच्या) आकड्यावर फार जाऊ नका, एका कंपनीचा १२० दुसऱ्या कंपनीच्या ११० सारखा निघतो. हलका बूट ८५ ते ९५ मिमीच्या स्कीवरच शोभतो.

माझं मत विचाराल तर ६८ किलोला, शिकाऊ बॅककंट्रीवाल्याला १०० ते १०८ मिमी, १७५ ते १८० सेमी पुरे. लांबी हा रुंदीपेक्षा मोठा अडथळा आहे. झाडांमध्ये १८६ ची शेपटी फिरवताना कळेल.

फक्त_पावडर
थोडा विरोध नोंदवतो. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चाळीस दिवस चालतं. ताजं, कोरडं आणि खोल बर्फ मिळण्याची शक्यता त्याच काळात जास्त. गंडोला ३,९०० मीटरच्या वर सोडतो, मग चढाईत वजन वाहायचं ते तीन-चार दिवसच. फुकटच्या स्की नाकारून नव्यावर लाखभर घालवण्यापेक्षा तो पैसा बुटात घाला. मार्चमध्ये जात असतात तर मी वेगळं बोललो असतो, तेव्हा सकाळी काच आणि दुपारी खिचडी.

गारठलेला_गिरगावकर
पैशाचा मुद्दा मान्य. पण मग चढाईच्या दिवसांसाठी स्की क्रॅम्पॉन (कडक बर्फात रुतणारे धातूचे दाते) हवेतच, आणि ते ११७ च्या वरच्या मापाचे, म्हणजे १२० चे. अरुंद घेतले तर स्कीवर बसणारच नाहीत. शिवाय ते तुमच्याच बाइंडिंगच्या खाचेत बसणारे आहेत का हे आधी बघा, सगळ्यांना सगळे चालत नाहीत.

पोझी_तीन
बाइंडिंगचं उत्तर राहिलं.

पिन बाइंडिंगला बुटाच्या पुढे दोन्ही बाजूंना आणि टाचेला धातूच्या खोबणी लागतात. टूरिंग बुटाला त्या असतात, भाड्याच्या साध्या अल्पाइन (फक्त उतरण्याच्या) बुटाला नसतात. म्हणजे गुलमर्गला तसला साधा बूट भाड्याने घेऊन या स्कीवर चढता येणार नाही. उलटंही लक्षात ठेवा: टूरिंग बूट कुठल्याही भाड्याच्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये दाबून बसवू नका. सोलचा आकार वेगळा, पडल्यावर सुटेलच याची खात्री नाही.

३१४ ही सोलची लांबी. बाइंडिंग नंबरावर नाही, या लांबीवर लावतात. २६.५ चा बूट ३०४ च्या आसपास निघाला तर टाचेचा भाग १० मिमी पुढे सरकवायचा. बऱ्याच बाइंडिंगना दोन-अडीच सेंटिमीटर सरकायची पट्टी असते, मग भोकं लागत नाहीत. पुढचा भाग जागच्या जागी राहतो, त्यामुळे बुटाचा मध्य ५ मिमी पुढे येतो, त्याने बिघडत नाही. सरकवल्यावर टाच आणि बाइंडिंगमधली फट तपासा: बऱ्याच मॉडेल्सना ४ मिमी, काहींना शून्य, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल तेच. फट कमी पडली तर स्की वाकल्यावर बूट मागे अडतो आणि सुटण्याचं गणित बिघडतं.

पट्टी नसेल तर नवी भोकं, जुन्या भोकापासून मध्य ते मध्य किमान १० मिमी लांब. सोसायटीच्या सुताराकडे देऊ नका. स्कीवर बहुधा छापलेलं असतं: आत धातूचा पत्रा असेल तर ४.१ मिमी, नसेल तर ३.६, खोली ९ मिमी. साधा बिट ९ ला थांबत नाही, स्कीच्या तळातून बाहेर येतो. कागदी टेम्प्लेट छापताना झेरॉक्सवाल्याला १०० टक्क्यांवरच छापायला सांगा. ‘पानावर बसवा’ करून छापलं तर ते दोन-तीन टक्क्यांनी आकसतं आणि ३०० मिमीला सहा ते नऊ मिमीची चूक होते. स्टीलच्या पट्टीने मोजल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. स्क्रू बहुधा पोझिड्राइव्ह ३ नंबरचे असतात. साधा फिलिप्स लावला की डोकं झिजलंच. तसा स्क्रूड्रायव्हर नागदेवी स्ट्रीटला शोधा.

वांद्रे_लोकल
सर्वांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवली. डावा २६३, उजवा २६६ भरला. पंजा १०१. बाइंडिंगला पट्टी आहे, भावाने फोटो पाठवला. म्हणजे २६.५, तीन-चार बकलांचा, आणि स्की ११७ च्याच. स्किनही त्याच्या जुन्याच आहेत, चालतील?

शेलफिट
२६.५ बरोबर, उजव्या पायाने शेल तपासा. १०१ पंजाला ९८ चा बूट नको, शेल ताणून घ्यायची सोय इथे मिळणं मुश्कील.

स्किनचा गोंद असा बघा: दोन भाग चिकटवा आणि ओढा. जोर लागला पाहिजे, पण गोंदाची तार सुटता कामा नये. तार सुटली किंवा बोटाला गोंद आला तर तो स्कीच्या तळालाही लागेल. कापलेली स्किन तळ झाकून दोन्ही बाजूंना एज उघडी ठेवते ना, तेही पाहा.

पोझी_तीन
दोन गोष्टी घरीच गालिच्यावर सरावाने पक्क्या करा. पुढचा खटका वर ओढला की पाय चढाईसाठी लॉक होतो, आणि लॉकमध्ये बाइंडिंग पडल्यावर सहजी सुटत नाही. उतरताना तो मोकळाच हवा. दुसरं, पिन बसवण्याआधी बुटाच्या खोबणीतला आणि पुढच्या स्प्रिंगखालचा बर्फ काडीने काढा. तिथे बर्फ साचला तर जबडा पूर्ण मिटत नाही, आणि पहिल्याच वळणाला स्की निघून जाते. पिन बसल्यावर, पुढे पाऊल टाकायच्या आधी, टाच चार-पाच वेळा वर-खाली करून बघायची.

गारठलेला_गिरगावकर
परत आल्यावर एजेस कोरड्या पुसून तळावर आणि एजवर जाड मेण चढवा, खरवडू नका, तसंच पावसाळाभर राहू द्या. नाहीतर जुलैत गंज चढलाच समजा. स्किन जाळी लावून, सिलिकाच्या पुड्यांसह बंद पिशवीत कपाटात ठेवा. माळ्यावर नको, एप्रिल-मेच्या उकाड्यात गोंद वितळतो. लायनर काढून वेगळे वाळवा, शेलची बकलं हलकी लावून ठेवा. डांबरगोळ्या मात्र घालू नका, पुढच्या जानेवारीपर्यंत वास जात नाही.