जिन्यातले मोशन सेन्सर एकेकटे बरोबर चालतात, दोन एकदम लागले की एमसीबी पडतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वायरमन, परमिटवाला. पंधरा वर्षं बेळगाव-खानापूर पट्ट्यात कामं करतोय, पण सध्या एका जिन्यानं डोकं खाल्लंय.

टिळकवाडीत तळमजला आणि वर तीन मजले अशी कमर्शियल बिल्डिंग आहे. खाली दुकानं, वर दवाखाना आणि ट्यूशन क्लास. जिन्यातले दिवे रात्रभर जळतात आणि कॉमन मीटरच्या बिलावरून गाळेवाल्यांचं दर महिन्याला वाजतं, म्हणून मालकांनी सेन्सर बसवायला सांगितले. प्रत्येक मजल्यावर छताला एक पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हलणारा माणूस ओळखणारा) लावलाय, तीन टर्मिनलचा: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी. जिन्यात 12 वॉटचे आठ एलईडी. मालकांची अट अशी, की माणूस कुठल्याही मजल्यावर दिसला तरी आख्खा जिना उजळला पाहिजे. क्लास सुटला की पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतात, त्याची त्यांना धास्ती. म्हणून चारही सेन्सरचे आउटपुट एका वायरनं जोडले. सप्लाय मात्र ज्या त्या मजल्याच्या कॉमन बोर्डातून घेतला. तिथं 6 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तयारच होता, खालपासून वायर कशाला ओढा?

दुपारी एकेक सेन्सर तपासला, सगळे झकास. संध्याकाळी मालकांचा फोन. आता काय होतंय बघा:

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर एकदम माणसं आली की फट्ट आवाज येतो आणि दोन्हीकडचे एमसीबी पडतात. दुसरा-तिसरा जोडीनं लागले तरी तेच. तळमजला आणि तिसरा एकदम लागले तर मात्र काही होत नाही, हे मला अजिबात कळलेलं नाही. लाइट जाऊन परत आली की हमखास पडतो, म्हणून मला व्होल्टेजचा संशय. आणि कालपासून पहिल्या मजल्याचा एमसीबी वर केला की दिवे लागलेलेच राहतात, विझतच नाहीत.

मेन बोर्डावरचा चार पोलचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) एकदाही पडला नाही. म्हणजे लीकेज नाही ना? वायर सगळी दीड स्क्वेअर, लाल आणि काळी. माझा हेल्पर सेन्सरच डुप्लिकेट म्हणालाय. बदलून बघू का?

प्रतिसाद १
एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणभर मोठा करंट ओढतो, त्यानं सेन्सरमधल्या रिलेचे (दिवा लावणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटतात. सेन्सरच्या डब्यावरचा 1200 वॉटचा आकडा जुन्या बल्बांचा असतो, एलईडीचा आकडा खाली बारीक अक्षरात वेगळा आणि बराच कमी दिलेला असतो. तो वाचा. सेन्सर चांगल्या कंपनीचे घ्या.

प्रतिसाद २ (निपाणी)
आठ दिवे म्हणजे जेमतेम 96 वॉट, त्यानं 6 अँपिअरचा एमसीबी पडायचा नाही. सेन्सर बदलू नका अजून. तळ आणि तिसरा जोडीनं चालतात, बाकी जोड्या भांडतात, यातच उत्तर आहे. कॉमन मीटर थ्री फेज आहे का? लिफ्ट असेल तर असणारच. सगळे एमसीबी पाडा, आउटपुट जोडणारी वायर सोडा, पुन्हा सप्लाय द्या आणि पहिल्या मजल्याच्या सेन्सरची फेज ते दुसऱ्या मजल्याच्या सेन्सरची फेज, असं मल्टीमीटरनं मोजा. टेस्टरनं बघू नका, टेस्टर दोन्हीकडं पेटणारच.

धागाकर्ता
मोजलं. 408 व्होल्ट. म्हणजे दोन्हीकडची फेज वेगळी.

बोर्ड उघडून बघितलं. आधीच्या वायरमननं लोड वाटून दिलाय: तळमजला आर फेज, पहिला वाय, दुसरा बी, तिसरा परत आर. मी सगळीकडं लालच वायर ओढली, त्यामुळं डोळ्याला काही दिसलंच नाही. लाज वाटालीय ओ.

प्रतिसाद २ (निपाणी)
लाज कसली, एकाच रंगाचं बंडल आणलं की स्वस्तात भागतं म्हणून आपण सगळेच तसं करतो.

एक सेन्सर लागला तोवर ठीक. दुसऱ्या फेजवरचा लागला की दोन्ही रिलेंमधून फेज-फेज सरळ शॉर्ट. लाइट परत येताना हमखास पडतो, कारण सप्लाय मिळाल्यावर पीआयआर सुरुवातीला अर्धा-एक मिनिट दिवा लावूनच ठेवतो; म्हणजे चारही एकदम लागतात. आरसीसीबी गप्प बसला कारण करंट एका फेजनं गेला आणि दुसऱ्यानं परत आला, जमिनीत काहीच गेलं नाही. बेरीज शून्य. पहिल्या मजल्याच्या सेन्सरचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, तो गेला समजा.

उपाय एकच: तळमजल्यावरून एक एमसीबी, एक फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल वरपर्यंत न्या आणि चारही सेन्सर त्यावरच लावा. मजल्यावरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडून इन्सुलेट करा. न्यूट्रल जुनाच ठेवलात तर उद्या मजल्यावर कुणी आरसीसीबी बसवला की तो पडत राहील. बायपास स्विच (सेन्सर वगळून दिवे लावायचा) देणार असाल तर तोही त्याच फेजवर. आणि आजच मजल्यांवरच्या बोर्डांवर चिठ्ठी लावा. एका मजल्याचा एमसीबी पाडून कुणी दिवा बदलायला गेला तर दुसऱ्या मजल्याची फेज हातात येईल.

प्रतिसाद ३ (उद्यमबाग)
प्रत्येक लँडिंगला एक दिवा सेन्सरशिवाय कायम चालू ठेवा. पीआयआर माणूस आडवा गेला की लवकर पकडतो, थेट त्याच्याकडं चालत आला तर उशिरा. वळणावर अंधारात एक-दोन पायऱ्या उतराव्या लागतात. आमच्याकडं एक जण पडला होता. दवाखान्याच्या काचेच्या दारामागून पीआयआरला दिसत नाही हेही धरून चाला. मायक्रोवेव्हवाला काचेतून बघतो, पण मग तो प्लास्टिकच्या पाइपातून पाणी वाहिलं तरी लागतो. पावसाळ्यात छताच्या पाइपाशेजारी रात्रभर जळत बसेल.

धागाकर्ता
काल रात्री बसून केलं. पाइपात जागा होती, पिवळी वायर मुद्दाम वेगळी ओढली. चार जणांना चार मजल्यांवर उभं करून एकदम हात हलवायला लावले, मेन पाडून पुन्हा चालू केला, सगळं ठीक. बेसमेंटच्या पार्किंगला 20 वॉटच्या चोवीस ट्यूब आहेत, तिथं कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा मोठ्या लोडचा स्विच) लावतो आणि सेन्सरवर फक्त त्याची कॉइल ठेवतो. कॉइलला स्नबर (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा) पाहिजेच का?

दोन सेन्सर गेलेत, दुसऱ्या मजल्याचाही चिकटला होता. मालकांना अजून सांगितलेलं नाही. हे बिलात धरता का तुम्ही, की पदरचं घालता?