लग्नाला सात वर्षं उलटली की नवरा सुटला?

रामबागवाली: काल आपल्या इंदूरच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "तिनं स्वतः जीव दिला, त्यात नवऱ्याला तुरुंग कशाला?" डोकं फिरलंय माझं. रोज मारायचं, फोन काढून घ्यायचा, आणि ती गेली की "मनानं कच्ची होती" म्हणायचं? आत्महत्येला प्रवृत्त करणाऱ्याला जुन्या दंड संहितेच्या कलम 306 मध्ये, आता न्याय संहितेच्या 108 मध्ये, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग वर्षानुवर्षांचा छळ म्हणजे प्रवृत्त करणं नाही तर काय?

वकील_इंदूर: ताई, छळ वेगळा, प्रवृत्त करणं वेगळं. रमेश कुमार खटल्यात (2001) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे.

रामबागवाली: त्याच निकालात नवऱ्याची 498अ ची, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमाची, शिक्षा कायम राहिली, तेही सांगा की!

भाऊ_लोकमान्यनगर: 498अ चं नाव काढू नका. माझ्या भावाला याच कलमात गोवलं. सत्तरीची आई तारखांना उभी राहायची. शेवटी सुटला, पण नोकरी गेली ती गेलीच.

रामबागवाली: वाईटच झालं. पण इथे मेलेल्या बाईबद्दल बोलतोय, भाऊ.

सुदामानगरची मावशी: नवऱ्याचं राहू द्या, माहेरच्यांना कोण विचारणार? आमच्या शेजारची पोर गणपतीत आली, तर मनगट इतकं सुजलेलं की पाटल्या रुतत होत्या. वडिलांनी सराफ्यात नेऊन पाटल्या सैल करून आणल्या आणि तिसऱ्या दिवशी तिला सासरी पोचवलं. आज ती नाही. लग्नाला आठ वर्षं झाली होती.

भाऊ_लोकमान्यनगर: म्हणजे आता बापालाही आत टाकायचं?

मावशी: आत नका टाकू. पण "दिल्या घरी सुखी राहा" म्हणत हात झटकणाऱ्याला निर्दोष म्हणायला मी तयार नाही. पोरीनं जायचं कुठं?

एक_बाप: मावशी, धाकटीचं लग्न व्हायचं असतं, लोक बोलतात. बापाची बाजू तुम्हाला नाही कळायची.

मावशी: लोक तिरडीला खांदा द्यायलाही येतात. तोवर थांबायचं का?

वकील_इंदूर: आठ वर्षं म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या 113अ चा, आता साक्ष्य अधिनियमाच्या 117 चा, आधार गेला. सात वर्षांच्या आत आत्महत्या आणि क्रूरता सिद्ध झाली, तर कोर्ट प्रवृत्त केल्याचं गृहीत धरू शकतं; तेही धरलंच पाहिजे असं नाही. नंतर सगळं सरकारी पक्षानं सिद्ध करायचं.

रामबागवाली: आठव्या वर्षी मार कमी लागतो का हो?

वकील_इंदूर: नाही लागत. ही मुदत मलाही पटत नाही, एवढं मान्य. पण पुराव्याशिवाय 108 टिकणार नाही, यावरून मी हलणार नाही. तिनं बहिणीला केलेले मेसेज, दवाखान्याचे कागद, त्या सुजलेल्या मनगटाचा फोटो, काहीतरी हवं.

मावशी: फोटो कोण काढणार? बाप तर सराफ्यात होता.