मदत हवी आहे: जुन्या फ्रेंच कामगारी जाकिटाचा काळ आणि रफू

नमस्कार. पॅरिसलगतच्या सां-तुआँच्या जुन्या बाजारात घेतलेल्या एका कामगारी जाकिटाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. निळ्या मोलस्किनचे, म्हणजे सॅटिन विणीच्या घट्ट, जाड सुती कापडाचे हे जाकीट खांद्यांवर राखाडीकडे झुकले आहे, पण खिशाची कड उचलून पाहिली की खालचा मूळ गर्द निळा अजून तसाच दिसतो. गळ्याच्या लेबलवर ‘सॅन्फोरिझे’ एवढेच वाचता येते. कापड आधीच आटवून घेण्याच्या त्या प्रक्रियेचे पेटंट १९३० चे असल्याने जाकीट त्यानंतरचेच असणार. मात्र बटणे, काजांची शिवण किंवा कॉलरचा आकार यांवरून काळ अधिक नेमका ठरवता येईल का?

डाव्या कोपरावर कोणीतरी फिकट दोऱ्याने मन लावून केलेले रफू आता उसवू लागले आहे. ते काढून टाकणे मला अजिबात पटत नाही. त्याऐवजी आतून मऊ सुती कापडाचा आधार देऊन जुने टाके जपावेत, असे वाटते. मोलस्किनवर असे काम केलेल्यांनी सुई-दोरा किती जाडीचा घ्यावा आणि त्याआधी जाकीट गार पाण्यात धुतलेले चालेल का, हे कृपया सांगावे.