मदत हवी आहे: थायरॉइडची एकाच ब्रँडची गोळी दर महिन्याला कशी मिळवायची?

अबोली_७९
नमस्कार. अगदी वैतागून लिहितेय, कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

मला थायरॉइडची ८८ ची (मायक्रोग्रॅम) गोळी आहे. इथे राजापूरला मेडिकलमध्ये दर वेळी वेगळीच कंपनी हातात ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "ताई, कंपनी कुठलीही असू दे, आत औषध तेच." ८८ नसली की ७५ आणि १२.५ अशा दोन देतात, त्याही दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मागे एकदा १०० ची दिली आणि वर सांगितलं की रविवारी घेऊ नका, आठवड्याचा हिशेब बसतो. आता रिपोर्टमध्ये टीएसएच (रक्तातलं ते हार्मोन, गोळी कमी पडली की वाढतं) वर गेलंय. डॉक्टर म्हणतात ब्रँड बदलू नका. अहो, पण मिळायला तर हवा! दुसऱ्या मेडिकलमध्येही तीच तऱ्हा.

प्रश्न एवढाच आहे की एकच ब्रँड, एकच पॉवर सतत मिळावी म्हणून तुम्ही काय करता? वजन, डाएट, आसनं यावर कृपया सल्ले नकोत.

गोदाकाठ
टीएसएच किती होतं, किती झालं? किती वर्षांपासून गोळी चालू आहे? ब्रँड कुठला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मृण्मयी_ठाणे
ऑनलाइन मागवा ना. मी चार वर्षं तेच करतेय, घरपोच येतं, वर सूटही मिळते. एवढा त्रास कशाला?

अबोली_७९
@मृण्मयी, ऑनलाइनही करून पाहिलं. आमच्या पिनकोडला एक तर पोचवत नाहीत, नाहीतर ऑर्डर घेऊन दोन दिवसांनी फोन येतो की हे उपलब्ध नाही, त्याऐवजी दुसरं पाठवू का.

@गोदाकाठ, आधी ०.३ होतं, आता ३.८. ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या कंपनीवरच घसरेल.

वसंतकाका
३.८ म्हणजे नॉर्मलच की हो! माझ्या रिपोर्टवर रेंज साधारण पाचपर्यंत छापलेली असते. उगाच काळजी करताय. उलट ०.३ होतं तेव्हाच डोस जास्त होत होता. रोज सकाळी धण्याचं पाणी उपाशीपोटी घ्या. आमच्या सौभाग्यवतींना तीन महिन्यांत फरक पडला. सोबत सर्वांगासन आणि उज्जायी.

गोदाकाठ
काका, त्यांनी स्पष्ट लिहिलंय की आसनं नकोत. आणि उपाशीपोटी गोळी घ्यायची की धण्याचं पाणी? ही गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेऊन पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. चहासुद्धा नाही.

जेनेरिकप्रेमी
ब्रँडचा हट्ट सोडा, हे माझं स्पष्ट मत. औषध लिव्होथायरॉक्सिन, ते कुणीही बनवलं तरी लिव्होथायरॉक्सिनच. जनऔषधी केंद्रातून घ्या, पैसे वाचतील. अमेरिकेत २०२२ साली यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कंपनीच्या जेनेरिकवरून दुसऱ्या कंपनीच्या जेनेरिकवर गेलेले आणि एकाच कंपनीचं घेत राहिलेले अशा रुग्णांची तुलना केली, टीएसएचमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. 'ब्रँड बदलू नका' हे डॉक्टरांचं जुनं पाठ केलेलं वाक्य आहे.

नीरजा_ल्यों
असं सरसकट म्हणू नका. मी फ्रान्समध्ये राहते. इथे २०१७ साली याच औषधाचा फॉर्म्युला बदलला. औषध तेच, फक्त सोबतचं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड घातलं. घेणारे जवळजवळ तीस लाख लोक. थकवा, चक्कर, केस गळणं, पायात गोळे अशा तक्रारींचा पूर आला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी सरकारला जुना फॉर्म्युला तात्पुरता बाहेरून आयात करावा लागला. माझ्या शेजारणीला त्या काळात जिना चढवत नव्हता. न्यूझीलंडमध्येही २००७-०८ च्या सुमारास असंच घडलं होतं. लोकांना त्रास होतो तेव्हा 'आत औषध तेच' हे उत्तर पुरत नाही.

जेनेरिकप्रेमी
@नीरजा, फ्रान्सच्या त्या प्रकरणात तपासण्यांमधून नव्या गोळीत औषधाचा दोष निघाला नव्हता, हेही लिहा. भीती पसरली की प्रत्येक दुखणं गोळीच्या नावावर जातं.

नीरजा_ल्यों
ज्यांचा डोस नीट बसलेला होता आणि बदलानंतर बिघडला, त्यांना 'तुमची भीती आहे' म्हणायचं? हेच इथल्या बायकांनी महिनोन्महिने ऐकून घेतलं.

दुकानदार_३५
माझं स्वतःचं मेडिकल आहे, तालुक्याच्याच गावी, घाटावर. दुसरी बाजू सांगतो.

२५, ५०, ७५, १०० या पॉवर रोज खपतात. ८८, ११२, १३७ यांना गिऱ्हाईक मोजकं. या औषधाची बाटली बहुधा १२० गोळ्यांची येते. ८८ चा एकच पेशंट असेल आणि तो तीस-तीस गोळ्या नेणारा असेल, तर एक बाटली चार महिने फोडलेली पडून राहते. मग दुकानदार मागवत नाही. औषध स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे मार्जिनही फारसं नाही. होलसेलरकडेही ज्या आठवड्यात जी कंपनी असेल ती येते.

पण म्हणून गिऱ्हाइकाला न विचारता कंपनी बदलणं बरोबर नाही. ही शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची गोळी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतला ६५(११ए) हा नियम सांगतो की चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याच्या बदल्यात दुसरं देता येत नाही, आत घटक तोच असला तरीही. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर तोच द्यायचा, नाहीतर नाही म्हणून सांगायचं. १०० ची देऊन रविवार सोडायला सांगणं तर आमचं कामच नाही, डोस डॉक्टर ठरवतात.

ताई, तुमच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव आहे की नुसतं लिव्होथायरॉक्सिन? आणि गोळ्या बाटलीतून मिळतात की सुट्या?

अबोली_७९
चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला आहे. पण ती चिठ्ठी मुंबईची, सहा महिन्यांपूर्वीची. गोळ्या सुट्याच देतात. काउंटरवर झाकणात मोजतात आणि कागदी पुडीत घालून वर पेनने '८८' लिहितात. पुडीवर ना तारीख ना बॅच. पावसाळ्यात एकदा पुडी उघडली तर चार-पाच गोळ्यांच्या कडा भुगा झालेल्या होत्या.

दुकानदार_३५
मग कंपनीच्या आधी ती पुडी बंद करा! हे औषध उजेड, ऊन आणि ओल तिन्हींना नाजूक. म्हणून तर ते घट्ट झाकणाच्या बाटलीत येतं. कोकणातल्या पावसात कागदाच्या पुडीत महिनाभर ठेवलेल्या गोळीत किती औषध उरलं, कुणी सांगावं? पूर्ण सीलबंद बाटली घ्या. चार महिन्यांचं एकदम होईल. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या. ती बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा न्हाणीघराच्या फळीवर ठेवू नका.

डॉ_मुक्ता_नाशिक
एक विचारायचं राहून गेलंय. अबोली, आधीचं ०.३ हे डॉक्टरांनी मुद्दाम ठेवलेलं होतं का? गोळी कशासाठी चालू आहे, ते कुठेच आलेलं नाही.

अबोली_७९
थायरॉइडचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षं झाली. पूर्ण ग्रंथी काढली आहे. कॅन्सर होता, पॅपिलरी. नंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस पण झाला. डॉक्टरांनी टीएसएच ०.१ ते ०.५ मध्येच ठेवायला सांगितलंय.

वसंतकाका
अरेरे. हे ठाऊक नव्हतं. माझं धण्याच्या पाण्याचं सोडून द्या. तब्येतीला जपा, बाळ.

डॉ_मुक्ता_नाशिक
मग सगळं चित्रच वेगळं. तुमच्या बाबतीत ही गोळी दोन कामं करते. ग्रंथी नाही म्हणून शरीराला लागणारं सगळं हार्मोन गोळीतूनच मिळतं, आणि टीएसएच खाली राहिलं की कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशींना वाढायला चिथावणी मिळत नाही. त्यामुळे इतरांसाठी ३.८ ठीक असलं तरी तुमच्यासाठी नाही. हा रिपोर्ट ज्यांनी ऑपरेशन केलं किंवा जे पुढचं बघतात त्यांना आजच कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

@जेनेरिकप्रेमी, तुम्ही म्हणता तो अभ्यास खरा आहे, पण तो टीएसएच नॉर्मल आणि डोस स्थिर असलेल्या रुग्णांवरचा आहे, तोही अमेरिकेतल्या गोळ्यांचा. जिथे टीएसएच इतक्या अरुंद पट्ट्यात धरायचं असतं तिथे एकच उत्पादन ठेवावं, आणि बदललंच तर सहा ते आठ आठवड्यांनी तपासावं.

अबोली, अजून दोन गोष्टी सांगा. कॅल्शियम चालू आहे का, आणि कधी घेता? अलीकडे लोहाची, अ‍ॅसिडिटीची किंवा केसांसाठीची काही गोळी सुरू झाली का?

अबोली_७९
कॅल्शियम रात्री जेवणानंतर, पहिल्यापासून तसंच. बाकी नवीन काही नाही. गोळी पहाटे पाचला घेते, चहा साडेसहाला. फक्त गोळ्या बदलल्यात, बाकी काही नाही. म्हणून तर चिडचिड होते.

डॉ_मुक्ता_नाशिक
उत्तम. कॅल्शियम आणि या गोळीत चार तासांचं अंतर लागतं, ते तुमचं आहेच. केसांच्या गोळीचं विचारलं कारण त्यात बायोटिन (एक जीवनसत्त्व) असलं की काही लॅबच्या पद्धतीत रिपोर्टच चुकीचा येतो. तेही नाही म्हणता, तर मग गोळीकडेच बघायला हवं. रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

चैत्रपालवी
मला पण विचारायचं होतं. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, केस खूप गळतात, टीएसएच ५.२ आलंय. गोळी सुरू करावी का?

गोदाकाठ
@चैत्रपालवी, वेगळा धागा काढा ना. इथे अबोलीताईंचं राहून जाईल.

जेनेरिकप्रेमी
माझा मुद्दा मी सोडलेला नाही. परवडत नाही म्हणून गोळी बंद करणारे पेशंट मी पाहिलेत, त्यांच्यासाठी जनऔषधीच योग्य. पण अबोलीताईंच्या केसमध्ये एकच उत्पादन धरावं, हे मान्य. ते जनऔषधीचं असलं तरी दर वेळी तेच असावं.

कातळशिल्प
मी लांज्याचा. एसटीच्या पार्सलने मागवा. आमच्याकडे बाबांची इन्सुलिनसुद्धा रत्नागिरीहून तशी यायची.

मृण्मयी_ठाणे
इन्सुलिन एसटीने?? बर्फाशिवाय? उन्हाळ्यात गाडीत काय तापमान असतं!

कातळशिल्प
थर्मासमध्ये बर्फ घालून यायची हो. दुपारची गाडी टाळायची, पहाटेच्या गाडीला द्यायची.

दुकानदार_३५
गोळ्यांची सीलबंद बाटली तासा-दोन तासांच्या प्रवासात बिघडत नाही. पण मुळात पार्सलची गरजच पडू नये. ताई, असं करा. तुमच्या डॉक्टरांकडून ताजी चिठ्ठी घ्या. तीत ब्रँड, पॉवर, १२० गोळ्यांची बाटली आणि 'बदलून देऊ नये' हे लिहून घ्या. ती एकाच दुकानात न्या, दोन-तीन दुकानं फिरू नका. त्यांना सांगा, 'दर चार महिन्यांनी माझी एक बाटली ठरलेली, पैसे आगाऊ घ्या.' नग नक्की खपणार असला की दुकानदार मागवतो, कारण माल पडून राहायची भीती उरत नाही. जुन्या बाटलीत महिनाभराच्या गोळ्या असतानाच पुढची सांगायची. तरीही नाही म्हणाले तर रत्नागिरीच्या स्टॉकिस्टचं नाव त्यांच्याकडूनच घ्या आणि तिथे फोन करून तो ब्रँड कुठल्या दुकानात जातो ते विचारा.

गोदाकाठ
आणि औषध बाजारातच नसेल तर केंद्र सरकारचं 'फार्मा जन समाधान' आहे. औषध न मिळणं किंवा जादा किंमत घेणं, दोन्हीची तक्रार तिथे करता येते. चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा.

अबोली_७९
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांच्या असिस्टंटशी बोलणं झालं. नवीन चिठ्ठी पाठवत आहेत, आणि सहा आठवड्यांनी परत तपासणी. इथल्या एका दुकानदाराने आगाऊ पैसे घेऊन बाटली मागवतो म्हणून कबूल केलंय, शुक्रवारपर्यंत येईल म्हणाला.

@दुकानदार_३५, एकच राहिलं. घरात पुडीतल्या बऱ्याच गोळ्या शिल्लक आहेत. बाटली येईपर्यंत त्याच घेऊ का? आणि नंतर त्यांचं काय करू?

दुकानदार_३५
डॉक्टरांना एकदा विचारा, पण शुक्रवारपर्यंत अजिबात न घेण्यापेक्षा त्यातल्या अख्ख्या, कडा न झडलेल्या घ्या. बाटली आली की उरलेल्या दुकानात परत द्या, घरात ठेवू नका. पोरांच्या हाती लागता कामा नयेत.

डॉ_मुक्ता_नाशिक
सहमत. हे औषध शरीरात आठवडाभर रेंगाळतं, त्यामुळे दोन-चार दिवसांनी घाबरायचं कारण नाही. पण त्या पुडीत कुठली गोळी कुठल्या पॉवरची, हे नक्की माहीत आहे ना? दोन कंपन्यांच्या एकत्र झाल्या असतील तर घेऊ नका, सरळ मला इथेच लिहा.

अबोली_७९
पुड्या वेगवेगळ्या आहेत, ७५ च्या वेगळ्या, १२.५ च्या वेगळ्या. १०० ची पुडी आत्ताच बाजूला काढून ठेवली.